दुबईहून आलेला ताप

केज तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. लॅब म्हणजे एक खोली, एक बेसिन, एक फ्रिज, खिडकीखाली लांब ओटा आणि त्या ओट्यावर मायक्रोस्कोप. तापाचा पेशंट आला की त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा एक जाड ठिपका घ्यायचा, शेजारी एक पातळ थर ओढायचा, वाळवायचं, रंगवायचं, बघायचं आणि रजिस्टरला 'निगेटिव्ह' लिहायचं. नोकरीला लागले तेव्हा महिन्यातून एखादी तरी पट्टी हिवतापाची निघायची, तीही साध्या हिवतापाची. पुढे तेही थांबलं. आमचा शिपाई म्हणायचा, "मॅडम, मलेरिया आता ऱ्हायलाय कुटं? कावून डोळे फोडायलात?" मी हसायचे. पण खरं सांगायचं तर कित्येकदा मलाही तेच वाटायचं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. ओपीडीत गर्दी होती, निम्मे लोक अंगदुखीचे, निम्मे तापाचे. साडेदहाच्या सुमारास एक बाई आपल्या मुलाला धरून माझ्या खिडकीशी आली. बाईला मी ओळखत होते. बसस्टँडसमोर तिचा फळांचा गाडा असतो आणि पेरू घेताना मी तिच्याशी दोन शब्द बोलतेच. मुलगा तिशीचा असेल. पूर्वी बोअरवेलच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा. दोन वर्षं दुबईला होता, हेही मला माहीत होतं, कारण गाड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगायची.

"अकरा दिवस झाले येऊन," ती म्हणाली. "आला तवा बरा होता. आता सहा दिवस झाले, अंग पेटल्यावानी तापतंय, मंग असा थरथरतोय की पलंग हालतोय. टायफाइड हाय म्हनले. सलाइनी झाल्या, गोळ्या झाल्या. उतरायलाच तयार न्हाई बघा."

मुलाने हात पुढे केला. डोळे पिवळसर दिसत होते, ओठ सुकले होते. मी सुई उघडली तसा तो म्हणाला, "टोचा मॅडम. सवय हाय मला."

कसली सवय, असं माझ्या मनात आलं. पण मागे रांग होती. मी टोचलं, पट्टी केली आणि त्याला बाकावर पडायला सांगितलं.

पट्टी रंगवून मायक्रोस्कोपखाली सरकवली तेव्हा माझं लक्ष अर्धं बाहेरच्या आरडाओरड्याकडे होतं. तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली आणलं, स्क्रू फिरवला आणि थांबले. गुलाबीसर रक्तपेशीत एक बारीक निळी अंगठी होती, तिच्यावर लाल खडा. शेजारच्या पेशीत एक. त्याच्या पलीकडच्या पेशीत दोन! मी डोळे मिटले, परत उघडले. अंगठ्या जागच्या जागी होत्या. पट्टी जरा सरकवली. आणखी अंगठ्या. आणि मग मला ते दिसलं, लांबट, मध्ये वाकलेलं, दोन्ही टोकांना गोलसर. अगदी छोटं केळं.

मी अशी उठले की स्टूल मागे आदळलं.

संभाजीनगरला ट्रेनिंगमध्ये असताना आमच्या सरांकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यातली एकच पट्टी ते सगळ्यांना फिरवून दाखवायचे. हा फाल्सिपेरम, मेंदूपर्यंत जाणारा हिवताप. ह्याची केळी एकदा बघितली की जन्मभर विसरायची नाहीत, असं ते सांगायचे. मी विसरले नव्हते. पण जिवंत माणसाच्या रक्तात, माझ्या ओट्यावर, ते मी पहिल्यांदाच बघत होते. खात्रीसाठी तपासणीचं किट काढलं, त्यावर रक्ताचा थेंब टाकला. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. पाचव्या मिनिटालाच रेघ उमटायला लागली.

मी ओपीडीत घुसले. आमच्या डॉक्टर म्हणजे नुकतीच रुजू झालेली, माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. ती कुणाची तरी छाती तपासत होती. मी तिचा हात धरला.

"मॅडम, चला. आत्ता चला."

"काय झालं?"

"चला तर!"

तिने भिंगाला डोळा लावला, स्क्रू जरासा फिरवला. मग ओरडलीच, "अय्या! हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय!"

"केळं दिसलं?"

"दिसलं! दोन आहेत!"

आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. तेवढ्यात खिडकीतून मला बाक दिसला. तो माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि त्याची आई त्याच्या अंगावर आपली ओढणी पांघरत होती. आम्हाला जे सापडलं होतं ते त्याला मारायला निघालेलं होतं. डॉक्टरलाही तेच वाटलं असावं. तिने माझा हात सोडला आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "तो कुठून आलाय?"

"दुबईहून."

"दुबईत मलेरिया नाही."

दुबईत नाही, मग हा ताप त्याला इथे झाला? म्हणजे आमच्याच गल्लीतला एखादा डास हे घेऊन फिरतोय? आमच्या भागात असा हिवताप निघाल्याचं माझ्या सगळ्या नोकरीत मी ऐकलं नव्हतं. मी बाहेर जाऊन त्याच्या आईला विचारलं, "मध्ये कुठं गेला होता का हा? गडचिरोलीकडं, जंगलाच्या बाजूला?"

"कुटंच न्हाई मॅडम. दुबईवरून मुंबई, मुंबईवरून सीदा घरी."

तो डोळे मिटून पडला होता. पण आई 'दुबई' म्हणाली तशा त्याच्या पापण्या हलल्या, ते मी बघितलं. मी आईला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं आणि त्याच्याशेजारी बाकावर बसले.

"बाळा, तुझ्या रक्तात मलेरिया आहे, आणि लई वाईट आहे. तुला सवय कसली आहे, ते सांग मला."

त्याने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "अम्मीला सांगू नका मॅडम. मोझांबिक."

"काय?"

"आफ्रिकेत. दुबईत मी पाचच महिने होतो. कंपनीनं बोअरच्या मशिनी तिकडं न्हेल्या, आमालाबी न्हेलं. अम्मी जाऊ देणार न्हाई म्हनून सांगितलंच न्हाई. फोनवर बोलताना पांढऱ्या कंटेनरला पाठ लावून उबं ऱ्हायचो. एकदा मागून शेळी आली. अम्मी म्हनली, शेळी कुटली रे? मी म्हनलो, दुबईतबी शेळ्या असत्यात."

एवढ्या तापातही त्याला हसू आलं. मला नाही आलं.

"आणि मलेरिया?"

"तीनदा झाला. तिकडं सर्दी-पडशावानी असतंय ते. किट लावायचं, गोळ्या घ्यायच्या, कामावर जायाचं. निघायच्या आदी ताप आलता. गोळ्या सुरू केल्या, ताप उतरला, इमानात बसलो. बाकीच्या गोळ्या बॅगेतच ऱ्हायल्या."

"मग इथं डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर अम्मीला कळलं असतं."

मी मान वर केली तर अम्मी दारातच उभी होती, हातात शिक्का मारलेला केसपेपर. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. ती शांतपणे पुढे आली आणि मला विचारलं, "मोझांबिक कुटं हाय?"

"समुद्रापलीकडं. लांब आहे."

"दुबईच्या फुडं?"

"बरंच पुढं."

मग तिचा बांध फुटला. "कावून रे? कावून खोटं बोलला? दोन वर्सं मी आल्यागेल्याला सांगायले, माझा पोरगा एशीत हाय, दुबईला हाय! आन् तू तिकडं जंगलात मच्छराला रगत पाजत होता?" बोलता बोलता ती रडायला लागली आणि रडता रडता त्याचं कपाळ चोळायला लागली.

पण ह्या सगळ्यात आमच्या हाताला काम लागलं होतं. त्याला उलट्या होत होत्या, लघवी गडद झाली होती, काविळीची छटा होती. डॉक्टर म्हणाली, गोळ्यांनी भागणार नाही, इंजेक्शन पाहिजे. आमचा फार्मासिस्ट कपाटात डोकं घालून बसला. खोकल्याच्या बाटल्या, मलमाचे डबे, सगळं खाली उतरवलं. "असायला पाहिजे, असायला पाहिजे," असं तो पुटपुटत होता आणि मी त्याच्या मागे उभी राहून उगीचच पाय आपटत होते. शेवटी वरच्या फळीवरून त्याचा आवाज आला, "सापडलं! अन् मुदतबी हाय!" त्या इवल्याशा बाटलीकडे आम्ही सगळे असे बघत होतो जसं काही घरात बाळ आलंय. डॉक्टरने वजन करून मात्रा काढली, पावडर विरघळवली आणि पहिली सुई दिली. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याला फोन झाला, रुग्णवाहिका बोलावली.

आणि तेव्हा तो उठून बसला.

"मॅडम, माझा जोडीदार!"

"कोण जोडीदार?"

"पाटोद्याकडचा हाय. आमच्या मशिनीचा ड्रायव्हर. एकाच इमानानं आलो. परवा फोनवर म्हनला, ताप आलाय, ऊन लागलं असंल. तवापासून फोनच उचलंना गेलाय."

मी त्याचा मोबाइल घेतला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत. चौथ्या वेळी एका बाईने उचलला. मागे मळणी मशीनचा आवाज होता. ती त्या ड्रायव्हरची बायको होती, शेतात.

"ते घरी झोपल्यात," ती म्हणाली. "सासूबाई हायेत जवळ. सकाळधरनं कायबी बरळायलेत. मला वळखलंबी न्हाई नीट. सांच्याला दवाखान्यात न्ह्यावं म्हनलं."

माझ्या हातातून मोबाइल त्याने ओढूनच घेतला.

"वहिनी, सांच्याला न्हाई! आत्ता! जीप बघा, कुनाचीबी, आन् सीदं बीडला न्ह्या. आन् तितं गेल्या गेल्या पहिलं सांगायचं, मानूस आफ्रिकेवरून आलाय, मलेरिया बघा."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. तो ओरडला, "दुबई न्हाई वहिनी! आमी दोघंबी खोटं बोललो! मोझांबिक! म्हना एकदा. मो-झां-बिक!"

फोनमधून तिचा बारीक आवाज आला, "मोजांबी." मग जरा थांबून, "मोझांबिक."

"हां! तसंच सांगा!"

फोन ठेवल्यावर तो आडवा झाला आणि त्याला जोराची थंडी भरली. रुग्णवाहिकेत चढवताना आई त्याच्याबरोबर बसली. दार लागता लागता तिने मला हाक मारून सांगितलं, "मॅडम, माझा गाडा तसाच उघडा हाय." मी शिपायाला गाड्यावर ताडपत्री टाकायला पाठवलं.

मग मी मोबाइल मायक्रोस्कोपच्या भिंगाला लावून फोटो काढले. एकही नीट येत नव्हता. शेवटी एकात अंगठ्या आणि केळं एकाच चौकटीत सापडलं. डॉक्टरने तो अंबाजोगाईला आणि बीडला पाठवला, ड्रायव्हरची सगळी हकीकत लिहून. दुपारभर मी पट्ट्या बघत होते, पण कान फोनकडे होते. तीनच्या पुढे बीडहून निरोप आला. माणूस पोचला. बेशुद्ध आहे. पट्टीत फाल्सिपेरम भरभरून. इंजेक्शन सुरू केलं.

डॉक्टर म्हणाली, "रात्रीपर्यंत वाट बघितली असती तर..." आणि पुढचा केसपेपर हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गल्लीत उतरलो, मी, आमचे आरोग्यसेवक आणि दोघी आशाताई. कारण त्याच्या रक्तात केळी होती, आणि रक्तातली केळी इथल्या डासाने शोषून घेतली की तोच डास पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताप वाटू शकतो. डास असतील का, हाच प्रश्न होता. गल्ली वेल्डिंगवाल्यांची, गॅरेजवाल्यांची, फळवाल्यांची. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, म्हणून दारोदारी टाक्या, पिंप आणि सिमेंटचे हौद.

आरोग्यसेवक हौदावर वाकले, पांढऱ्या पळीने पाणी काढलं आणि जागीच उडी मारली. "मॅडम, इकडं या, इकडं!" पळीत बारीक अळ्या होत्या. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या पाण्यात डोकं खाली करून लटकतात. ह्या मात्र पाण्याच्या वरच्या थराला समांतर, काडीचे तुकडे पडावेत तशा आडव्या होत्या. ॲनॉफिलिस. हिवतापाचा डास. आणि हौद कुणाचा, तर त्याच फळवाल्या अम्मीचा.

पुढचे दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात धांदलीचे. हौद उपसले, घासले, जे उपसता येत नव्हते त्यांत गप्पी मासे सोडले. मी एका ओट्यावर बसून बोटं टोचत होते. काही लोक कुरकुरत होते. "आजारी तो पडलाय, आमाला कावून टोचायलेत?" तेवढ्यात अम्मीच अंबाजोगाईहून परतली, कपडे न्यायला. मुलाचा ताप उतरायला लागलाय, हे तिने गल्लीच्या तोंडापासूनच ओरडून सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि आधी स्वतःचं बोट पुढे केलं. "टोचा. आन् तुमीबी समदे या रे! माझ्या लेकाच्या पायी तरास हाय, मला कळतंय. पन या!" मग गल्ली आली. वेल्डर आले, म्हाताऱ्या आल्या, शाळेतून आलेली पोरं आली.

तीन दिवस मी त्या पट्ट्या बघितल्या. एकेका पट्टीचे शंभर शंभर भाग, एकही न सोडता. मान आखडली, डोळ्यांपुढे मिटल्यावरसुद्धा गुलाबी गोल फिरत राहिले. दोन आठवड्यांनी परत सगळ्यांची बोटं टोचली, महिन्याने आणखी एकदा. प्रत्येक वेळी 'निगेटिव्ह' लिहिताना मला गुदगुल्या व्हायच्या. तोच शब्द मी इतकी वर्षं कंटाळत लिहिला होता.

मुलगा आठवड्याने घरी आला, अर्धा झालेला. ड्रायव्हर दोन दिवस बेशुद्ध होता, तिसऱ्या दिवशी डोळे उघडून त्याने बायकोकडे चहा मागितला. तीन आठवड्यांनी तो भावाच्या मोटारसायकलवर बसून पाटोद्याहून आमच्याकडे आला. दोघांची भेट माझ्या लॅबच्या दारात झाली. आधी मिठी मारली, मग एकमेकांच्या पाठीत गुद्दे.

"वाचला बे!"

"तू फोन केला म्हनून. बायको आता रोज इचारती, आनखी कुटकुटं गेलता ते सांगा."

त्या दिवशी ते दोघे माझ्याकडे तासभर बसले. मोझांबिकमधल्या त्यांच्या तळावरच्या स्वयंपाक्याची चार वर्षांची मुलगी होती, ह्यांच्या कॉम्प्रेसरजवळ खेळायची, ह्यांना हिंदीत 'चलो चलो' म्हणायची. एका आठवड्यात तिला ताप आला आणि दोन दिवसांत गेली. तिथं अशी कितीतरी लेकरं ह्याच तापाने जातात, असं मुलगा सांगत होता. "आमी मोठी मानसं, गोळ्या खायाचो, उटायचो. आमाला वाटायचं, ह्ये लहान्या लेकरांचं दुखणं हाय." बोलताना तो मायक्रोस्कोपकडे बघत होता. मी त्याला त्याची पट्टी दाखवली. तो वाकून खूप वेळ बघत राहिला. मग आईला बोलावून तिलाही दाखवली. ती म्हणाली, "येवढंसंच हाय?" आणि ओढणीने भिंग पुसायला गेली, ते मी कसंबसं थांबवलं.

तो परत मोझांबिकला गेला. ह्या वेळी आईला सांगून, ट्रंकेत मच्छरदानी घेऊन. ड्रायव्हर नाही गेला. बायकोने पासपोर्ट कुठे ठेवलाय ते त्याला अजून सापडलेलं नाही म्हणतात.

आमच्या डॉक्टरने जगाचा एक मोठा नकाशा आणून लॅबच्या भिंतीला लावला आहे. जिथे हिवताप आहे तिथे तिने लाल पेनाने रंगवलं. जवळजवळ सगळी मधली आफ्रिका लाल झाली. लोक रिपोर्टची वाट बघत त्याच्यापुढे उभे राहतात आणि बोट ठेवतात. ह्याचा मेव्हणा नायजेरियात सिमेंटच्या कारखान्यात, तिचा दीर जहाजावर, दिंद्रुडचा कुणी युगांडात साखर कारखान्यात. आपल्या भागातली एवढी माणसं एवढ्या लांब असतील हे मला माहीतच नव्हतं. माझं माहेर दिंद्रुडचं. लहानपणी आम्हाला परभणीसुद्धा लांब वाटायची.

मागच्या सोमवारी एक धट्टाकट्टा माणूस खिडकीशी आला, नाक लाल, गळ्याला मफलर. केसपेपर द्यायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मी युगांडावरून आलोय, पंधरा दिवस झाले. ताप हाय. आदी मलेरिया बघा."

मला इतका आनंद झाला की मी रांगेतल्या दोघांना थांबवून त्याचं बोट हातात घेतलं. पट्टी केली, किट लावलं, सगळे शंभर भाग बघितले, वर पुन्हा पन्नास. काही निघालं नाही. नुसतं पडसं होतं. दोन दिवसांनी पुन्हा तपासून जा, असं बजावून सांगितलं आणि त्याला आमच्या शिपायाकडून आल्याचा चहा पाजून घरी पाठवलं.